अयूब नबीच्या डोंगराला अनवाणी

गुहागर तालुक्यातला मुस्तफा ओमानमधल्या सलालाहच्या एका बागेत बारा वर्षं माडावर चढत होता. चढून चढून पायाची कातडी म्हशीच्या खुरासारखी टणक झालेली, त्यामुळं डाव्या पोटरीवर फिकट चट्टा कधी उमटला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. कळलं तेव्हा तो वीतभर पसरला होता. तिथं घाम येत नव्हता, केस उगवत नव्हता. संडासाची कडी लावून त्यानं चट्ट्यावर पेटती विडी टेकवून बघितली. कातडी जळाल्याचा वास आला, बाकी काय नाय.

शनिवारी व्हिसाच्या मेडिकलला उभं राहायचं होतं. डॉक्टरानं महारोग लिहिला की पुढच्या विमानानं घर, आणि माणूस पोचायच्या आधी गावात बोभाटा. पोरगी तस्नीम, तिचा निकाह रजब महिन्यात ठरलेला. महारोग्याची पोर कोण पत्करणार? आळीतल्या एकाला घरच्यांनीच मरेपर्यंत गोठ्यात ठेवलेला त्यानं लहानपणी बघितला होता.

म्हणून त्यानं मन्नत मागितली. अयूब नबीच्या अंगात किडे पडले होते म्हणतात, तरी अल्लानं त्याला धड केलं. त्याची कबर सलालाहच्या वरच्या डोंगरावर. शुक्रवारी पहाटे अनवाणी निघायचं, आणि पाय दुखले नाहीत तर मन्नत कबूल झाली समजायचं. ही शेवटची अट गावची. दर्ग्याला चालत जाणाऱ्या बायका तीच लावायच्या.

एकनाथ त्याचा खोलीतला सोबती, बागेतल्या पंपांचा मेकॅनिक, तालुक्यातलाच. त्याला मुस्तफानं मन्नत सांगितली, चट्टा नाही. एकनाथ म्हणाला, मीपण येतो, सुट्टीच्या दिवशी खोलीत ढेकूण मारत बसण्यापेक्षा बरं.

सत्त्याण्णवचा खरीफ चालू होता. तिकडचा पावसाळा म्हणजे नुसती भुरभुर आणि धुकं. चढ लागला तसे रस्त्यावरचे मोकाट उंटही दिसेनात, नुसता त्यांचा वास यायचा. नवे बूट घातलेल्या एकनाथाच्या टाचा सोलल्या. तो दर वळणाला बसे, बूट विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी आणि मुस्तफाच्या पायांकडं बघून चिडे.

"मुस्तप्या, पाय हायत का लाकडं?"

मुस्तफा हसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. दर मैलाला त्याचं काळीज हलकं होत होतं. खडी होती, बाभळीचे काटे होते, आणि दुखत काहीच नव्हतं. नबीनं ऐकलं, असं त्यानं धरून टाकलं. शेवटचा चढ तर तो जवळजवळ पळतच गेला.

कबरीच्या अंगणात राखणदार म्हाताऱ्यानं हात आडवा केला आणि मागं बोट दाखवलं. ओल्या फरशीवर फाटकापासून तांबडी पावलं उमटली होती. सगळी डावी.

म्हातारा रागावला नाही, धुऊन ये म्हणाला. एकनाथानं मुस्तफाला नळापाशी बसवलं आणि टाच मांडीवर घेतली. बाटलीची काच, दोन बोटं खोल रुतलेली. कडेचं रक्त सुकून काळं पडलं होतं, म्हणजे काच तासाभराची तरी होती.

"हलू नको. दुखलं तर सांग."

"दुखतंय रं," मुस्तफानं तोंड वाकडं केलं. "लय दुखतंय."

एकनाथाचा हात अजून काचेला लागला नव्हता.

तो थांबला. मग त्याची नजर वर सरकली, दुमडलेल्या पँटीखालच्या पोटरीवर. काच त्यानं उपसून काढली, रुमाल बांधला आणि नळावर हात धुतले. धुतलेले पुन्हा धुतले.

"गावात बोलू नको," मुस्तफा म्हणाला. "तस्नीमचा तरी विचार कर."

एकनाथानं नळ बंद केला.

परतीला एक पिकअप मिळाली. एकनाथ पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. तिथं तिघं मावले असते. मुस्तफा मागच्या हौद्यात बसला. कबरीपाशी जायचं राहूनच गेलं, हे त्याला डोंगर उतरल्यावर आठवलं.

शहरात शिरल्यावर टेलिफोनच्या खोक्यापाशी एकनाथानं गाडी थांबवायला सांगितली. दर शुक्रवारी तो घरी फोन करायचा. मुस्तफा हौद्यातच बसून राहिला. खोक्याच्या काचेतनं एकनाथाचं हलणारं तोंड दिसत होतं. बोलता बोलता एकदा त्यानं गाडीकडं बघितलं, आणि पाठ फिरवली.