घाटनांदूरच्या अलीकडे थांबलेलं प्रभुभोजन

अंबाजोगाईची लेणी बघायला निघालो होतो. ती बघायची राहिलीच, त्यामुळे लेण्यांची माहिती हवी असेल तर दुसऱ्या कुणाचा ब्लॉग वाचा.

रविवारी पहाटे तलवाड्याहून गाडीला किक मारली. गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज. रस्ता झकास. फक्त उसाच्या ट्रॅक्टरमागं राहू नका, दोन-दोन ट्रॉल्या असतात, पुढचं काही दिसत नाही. पाच-सहाशेच्या पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन होतं. मांजरसुंब्याला पोटभर पोहे खाऊन घ्या, मी जिथं पोचलो तिथं हॉटेल नाही.

अंबाजोगाईत चहा पिताना बाकड्यावर मार्थाबाई भेटल्या. पांढरं लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेलं बायबल. लेकीकडं आल्या होत्या आणि घाटनांदूरकडची जीप चुकली होती. उपासना गाठायची म्हणून जीव वरखाली. म्हटलं, सोडतो, लेणी काय पळून जात नाहीत.

वाटेत मागं बसून त्या बोलत होत्या. थोरला शमुवेल, धाकटा दानिएल. रानं वेगळी, विहीर एकच. पाण्याच्या पाळीला तिकडं बारं म्हणतात, एक दिवस याचं, एक दिवस त्याचं. या हिवाळ्यात दोघांचं बोलणं तुटलं, थोरल्यानं देवळात यायचं सोडलं. कावून, ते एकबी सांगत न्हाई, असं म्हणाल्या. आज प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा घ्यायचा, आणि दोन्ही लेकरं एका पंगतीला बसावीत एवढंच त्यांना हवं होतं.

देऊळ म्हणजे पत्र्याची खोली, भिंतीवर लाकडी क्रूस. गाव ऊसतोडीला गेलेलं, सतरंज्या निम्म्या रिकाम्या. मी मागं बसलो. ढोलकीवर गाणी अशी रंगली की माझंही डोकं डोलायला लागलं. पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, पापावर सांगितलं, पण ओरडून नाही. म्हणाले, मोह दारापर्यंतच येतो, बसायला पाट आपण देतो.

मग भाकर मोडायच्या आधी त्यांनी विचारलं, कुणाचं कुणाशी तुटलंय का? ही तिथली रीतच आहे. एरवी कुणी उठत नाही म्हणे. त्या दिवशी दानिएल उठला.

"बारं दादाचं व्हतं. दादा बाजारला गेलता. मी दांड फोडून पाणी माझ्या रानात घेतलं. विहिरीनं तळ गाठला. त्याचा गहू ओंबीत व्हता, वाळला."

पाळकसाहेब म्हणाले, "हे मला कावून सांगतो? दादाला सांग जा. आमी हितंच हाय."

दानिएल गेला. पाळकांनी भाकरीवर पांढरं फडकं टाकलं आणि खाली बसले. मला वाटलं संपलं. बूट घालायला उठलो, तर शेजारचे म्हातारबा म्हणाले, पाव्हण्याला भूक लागली जणू. सगळे हसले, मी परत बसलो.

बायकांनी एक गाणं म्हटलं, मग दुसरं. मग तेही थांबलं. पत्रा तापला. लेकरं पेंगली. कुणी घड्याळ बघितलं नाही. मार्थाबाईंची नजर दारावरून हलली नाही.

शेवटी दोघं आले. शमुवेलच्या पायांना चिखल, त्यामुळे तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मला त्याच सांजेला ओल दिसली व्हती," तो म्हणाला. "मी बी पक्कड घेऊन ह्याच्या मोटरीची वायर तोडाया गेलतो. हात थांबला, मन न्हाई थांबलं. इतके दिवस घरी बसून ह्याला शिव्याच देत व्हतो. माझं बी पापच हाय, पाळकसाहेब."

"मग आत ये की," पाळक म्हणाले. "पाय नंतर धू."

फडकं निघालं. मार्थाबाईंनी दोन लेकरांच्या मधोमध बसून भाकर घेतली. मी त्यांच्यातला नाही म्हणून घेतली नाही, नुसता बघत राहिलो. नंतर चहाला कळलं, धाकट्याचा गहू यंदा दोघांनी निम्मा-निम्मा करायचं ठरलंय. वाळलेली ओंबी काही भरणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

परत येताना लेण्यांचा फाटा लागला. वळलो नाही.

चुका आमच्याकडंही होतात, माफ्याही मागतात. पण चुकलेला माणूस परत येईपर्यंत अख्खी मंडळी देवासकट खोळंबलेली मी पहिल्यांदा बघितली. घरी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "आन् थोरला आलाच नसता तर?"

मला वाटतं, ते अजून बसलेले असते.