बहिरीची तपेली

दिगूचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माळ्यावरून एक पितळेची तपेली काढून देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. लहानशीच होती, दोघांचा भात शिजेल एवढी. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर वडिलांचं नाव घातलेलं आहे. हिच्यावर काहीच नव्हतं, कारण ती आमची नव्हती. ती ढाकच्या बहिरीची होती.

ज्यांनी ते ठिकाण पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कर्जतहून सांडशीकडे गेलं की ढाकचा डोंगर समोर येतो, आणि त्याच्या काळ्या कड्याच्या पोटात बहिरी देवाची गुहा आहे. तिथे जायला वाट अशी नाहीच. कातळात खोदलेल्या खोबणी आहेत आणि शेवटी कड्याला टेकवून ठेवलेला झाडाचा एक ओंडका. गुहेत देवाच्या बाजूला भांडी असतात, नवस फेडणाऱ्यांनी वाहिलेली. वर पोचलेल्या कोणीही ती घ्यावीत, त्यांत शिजवावं, देवाला दाखवून खावं आणि घासून पालथी घालून ठेवावीत. खाली मात्र कोणी काही आणत नाही. आणलं तर बहिरी ते मागून घेतो, असं आमच्या भागात म्हणतात.

दिगू माझा धाकटा भाऊ. खोपोलीला एका कारखान्यात होता. रविवार आला की चार मित्र आणि एक दोर घेऊन तो कुठल्या ना कुठल्या कड्यावर असायचा. मी पोशीरच्या शाळेत मास्तर. मला परसातल्या चिंचेवरही कधी चढता आलं नाही. "दादा, तू आपले पुस्तकातले डोंगर चढ," असं तो म्हणायचा, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्या वैशाखात ही मंडळी बहिरीला गेली होती. उतरताना घाईत कोणीतरी स्वतःच्या भांड्यांबरोबर देवाची तपेलीही दिगूच्या पिशवीत भरली. घरी आल्यावर ते दिगूच्या लक्षात आलं. "पुढच्या खेपेला ठेवून येतो," तो म्हणाला. मग पावसाळा आला, कड्याला शेवाळ धरलं, आणि भाद्रपदात दिगूला कावीळ झाली. ती उतरली नाही.

डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झालं. मला ते पटलं होतं आणि आजही पटतं. बहिरीवर माझा राग नव्हता, कारण रागवायला आधी तो आहे असं मानावं लागतं. पण घर रिकामं झालं की माणूस नको ते ऐकू लागतो. शेजारची एक बाई तपेलीबद्दल काहीतरी बोलून गेली, आणि ते वाक्य आमच्या घरातून पुन्हा बाहेर गेलंच नाही. आई रोज संध्याकाळी चिंच आणि राख घेऊन ती तपेली घासायची, इतकी की तिच्यात देव्हाऱ्यातली ज्योत दिसायची. मग माझं ताट वाढायची, स्वतःचं वाढायची, आणि स्वतःचं झाकून ठेवायची. सकाळी ते गाईला जायचं.

"आई, जेव ना गं."

"देवाचं देवाला पोचू दे रं. मग जेवीन."

दिगूचे मित्र एकदा येऊन गेले. आम्ही ठेवून येतो, म्हणाले. आईने त्यांना चहा दिला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुमी पोरं चांगली. पन घरचा मानूस जायला पायजे." घरचा माणूस म्हणजे मी. वडील कधीच गेले होते, आणि दिगूनंतर घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. आई दिवसेंदिवस वाळत चालली होती. तिच्या चोळीच्या बाह्या दंडावर सैल लोंबू लागल्या, तेव्हा मी जायचं ठरवलं. देवासाठी नाही, तिच्या संध्याकाळच्या जेवणासाठी.

मार्गशीर्ष लागला होता. तपेली दिगूच्या पाठपिशवीत ठेवली. तीत त्याचा दोरही होता, त्याने स्वतःच्या हाताने वेटोळी करून गाठ मारलेला. मला दोर वापरता येत नव्हता, पण ती गाठ सोडून तो घरी ठेवणं माझ्याच्याने झालं नाही. सांडशीत एक म्हातारबाबा कुंपणाच्या काट्या बांधत होते. त्यांनी मला वर-खाली पाहिलं.

"एकटाच?"

"हो."

"बहिरीला एकट्यानं नाय जात. दुसरं कोन हाय संगती?"

"कोणी नाही."

"मग आसंल वाटंत कोनतरी," ते म्हणाले आणि पुन्हा काट्या बांधू लागले.

वाटेत कोणी नव्हतं. रान संपेपर्यंत माझ्याच पावलांचा पाचोळ्यातला आवाज तेवढा होता. मी थांबलो की तोही थांबायचा, आणि दर वेळी मी मागे वळून पाहायचो. दिगू असता तर बडबडत पुढे गेला असता. मला उमगलं की त्याच्या जाण्यापासून मी असाच चालत होतो, शाळेत, बाजारात, घरात, माझ्याच पावलांना दुसऱ्या कोणाची समजून. कड्यापासून सुटून उभ्या असलेल्या सुळक्याशेजारच्या खिंडीत रिवाजाप्रमाणे चपला काढल्या. पलीकडच्या घळीत उतरलो. तिथून कड्याला चिकटून आडवं जायचं होतं. खाली पाहायचं नाही असं ठरवूनही मी पाहिलं, आणि दरीच्या तळाशी झाडं शेवाळासारखी दिसली.

खोबणी चांगल्या होत्या. भीती असली तरी पाय बसत होता. पण निम्म्यावर कातळ पोट काढून बाहेर आलेला आहे. तिथे पाठीवरची पिशवी अडली. वाकलो की ती वरच्या दगडाला घासून मला बाहेर ढकलायची, आणि तपेलीचा काठ माझ्या पाठीत रुतायचा. मागे सरकायला गेलो तर मागची खोबण पायाला सापडेना. पुढे जाता येईना, मागे येता येईना. त्या क्षणी देवाचं नाव तोंडात यायला हवं होतं. आलं नाही. मी दिगूला हाक मारली, जेवायला बोलावताना मारायचो तशी. दरीतून काही आलं नाही. मी पुन्हा हाक मारली.

"ओ," कातळाच्या वळणापलीकडून कोणीतरी म्हणालं.

माझ्या अंगात काय झालं ते मला लिहिता येत नाही. रडू आलं एवढं खरं. मग वळणाआडून एक हात आला, केसाळ, मनगटाला काळा दोरा बांधलेला.

"पिशवी काढा खांद्यावरनं. एक बंद सोडा, मग दुसरा. माज्याकडं द्या. हलू नका."

मी दिली. पिशवी गेल्यावर कातळाने मला ढकलणं सोडलं, आणि मी चार पावलांत वळण ओलांडून एका चिंचोळ्या सपाटीवर बसलो. समोर एक पन्नाशीचा माणूस बसला होता, कमरेला धोतराचं गाठोडं बांधलेला. त्याच्या दुसऱ्या हाताने कातळातली कपार अजून सोडली नव्हती.

त्याचं नाव बाळाराम. मोहोपाड्याला राहायचा, रसायनीच्या कारखान्यात पिंपं हलवायचं काम करायचा. त्याच्या सुनेची दोन बाळं पोटातच गेली होती, तिसरं जगलं, म्हणून बहिरीला गूळभाताचा नवस होता. नातू आता दुडुदुडु पळतो, म्हणाला, आणि आपण अजून नवस फेडला नाही, कारण दोनदा खिंडीतून परत गेलो. आज हिय्या करून या सपाटीपर्यंत आला, आणि इथे आल्यावर त्याला ओंडक्यावरही चढवेना आणि मागेही फिरवेना. सकाळपासून तिथेच बसला होता. मी पोशीरच्या शाळेत मास्तर आहे एवढंच त्याला सांगितलं.

"माझ्या हाकेला ओ कशी दिलीत? मी तर दिगू म्हणालो होतो," मी विचारलं.

"नाव कुनाचं का आसंना. हाक आली तर ओ द्यावी मान्सानं. आन खरं सांगू? मला वाटलं, मलाच न्यायाला कोन आलं." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "आले ते आसे."

आम्ही दोघंही हसलो. कित्येक दिवसांनी मी हसत होतो, तेही अशा जागी की मोठ्याने हसायचीही भीती वाटावी. हसता हसताच त्याने पिशवीतून दोर काढला, आणि मी काही म्हणायच्या आत दिगूने मारलेली गाठ सोडली. वेटोळी सुटून सपाटीवर पसरली. मी त्याला थांबवलं नाही. दोर कशासाठी असतो ते मलाही माहीत होतं.

"तुमी मास्तर, तुमी पुढं," तो म्हणाला.

"मास्तर का पुढे?"

"हलकं हाव म्हनून. माज्याखाली ओंडका मोडला तर तुमी चढनार कशावरनं?"

दोराचं एक टोक त्याने माझ्या कमरेला बांधलं. ओंडक्यावर कसा चढलो ते आठवत नाही. खालून तो सारखा बोलत होता एवढं आठवतं. काय बोलत होता तेही नाही, नातवाबद्दलच काहीतरी. वर पोचल्यावर दोर एका खडकाला गुंडाळून खाली सोडला, आधी पिशवी ओढून घेतली, मग तो दोर धरून आला. पिशवीतली तपेली कातळाला आपटत, टणटण वाजत वर आली.

गुहेत शेंदूर लावलेला देव होता, कातळात खोदलेलं गार पाण्याचं टाकं होतं, आणि भिंतीशी ओळीने पालथी घातलेली भांडी. धुराने काळवंडलेली, पोचे पडलेली. मी देवापुढे तपेली ठेवली आणि हात जोडले. मागायचं काहीच सुचलं नाही. आईने इतके दिवस घासलेलं ते पितळ त्या अंधाऱ्या जागेत एकटंच चमकत होतं. माझं काम झालं होतं. एवढ्यात बाळारामने तीन दगड मांडून काटक्या पेटवल्या, गाठोड्यातले तांदूळ आणि गूळ काढले, आणि तपेली उचलली.

"बरी आनलीत. दोघांपुरती हाय," म्हणाला आणि ती चुलीवर चढवली.

मी त्याला ती कशी आली ते सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं का, हे आजही कळत नाही. ज्वाळा तपेलीच्या बाजूने वर चढल्या, आणि आईची चमक काळी होत गेली. मला वाटलं, उठून ती उतरवावी. मग गूळभाताचा वास सुटला. बाळारामने पहिला घास देवाला दाखवला, दुसरा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. आम्ही दोघांनी तपेली रिकामी केली. मग राख घेऊन ती मीच घासली. काळेपणा काही पूर्ण गेला नाही. ती ओळीत पालथी घालून मी दोर गोळा करायला गेलो, आणि परत येऊन शेवटचं पाहावं म्हणून वळलो तर त्या ओळीतली आपली कोणती ते मला ओळखता येईना. मी थोडा वेळ शोधली. मग शोधणं सोडून दिलं.

उतरताना तो पुढे होता. रात्री सांडशीत त्याच म्हातारबाबांच्या ओटीवर झोपलो. त्यांनी आम्हा दोघांना पाहिलं आणि दोन घोंगड्या आणून टाकल्या. सकाळी निरोप घेताना बाळाराम म्हणाला, "बहिरीनं तुमाला धाडलं, नायतर मी तितंच बसून राह्यलो आसतो." हेच वाक्य मी त्याला सांगण्यासाठी रात्रभर मनात जुळवत होतो. ते त्यानेच आधी म्हटलं. मी त्याचे हात धरले.

घरी पोचलो तेव्हा आई ओटीवर तांदूळ निवडत होती.

"पोचली?"

"पोचली. पण आई, तिच्यात भात शिजवला. बुडाला काळी झाली, घासूनही निघाली नाही."

मला वाटलं तिला लागेल. तिने सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला.

"मग बरं झालं रं. वापरात आली." मग म्हणाली, "कुनी खाल्ला भात?"

मी तिला बाळारामचं सगळं सांगितलं, त्याच्या नातवासकट. हाकेचं मात्र सांगताना थांबलो, कारण मी कोणाला हाक मारली ते तिला सांगावं लागलं असतं. त्या संध्याकाळी तिने दोन ताटं वाढली आणि माझ्यासमोर बसून जेवली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आई नंतर पुष्कळ जगली. बहिरीने काय केलं आणि काय नाही, यावर मी वाद घालत नाही, कारण मला ठाऊक नाही. मी एकटा गेलो आणि हाकेला ओ मिळाली, एवढंच माझ्याजवळ आहे. दिगूचं जे जे मी घट्ट धरून बसलो होतो त्यातलं काही त्या दिवशी दुसऱ्याच्या हाताने सुटलं, काही काळं झालं, काही ओळीत मिसळून गेलं, आणि माझ्याजवळ रिकामे हात उरले. ते मी जोडतो. दोर दिगूच्या मित्रांना देऊन टाकला. कुठल्या तरी कड्यावर तो कोणाच्या तरी कमरेला असेल.