सिस्टरांसाठी केलेले पोहे

माझी मुलगी सिस्टर, म्हणजे नन, व्हायला गेली त्याला आता दीड वर्ष होईल. तिची एक शाळेची वही अर्धी कोरी राहिली होती, तीत मी हे लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत मला बोलता येत नाही. तोंड उघडलं की आधी कान गरम होतात. वहीसमोर तसं होत नाही.

आमची वस्ती रिठदच्या बाजूला, शेतांच्या मधे आहे. ख्रिस्ती घरं नऊ. बाकी गाव हिंदू शेतकऱ्यांचा, आणि राहणीमान आमचंही त्यांच्यासारखंच, सोयाबीन आणि तुरीवर चालणारं. फादर महिन्यातून एका रविवारी जीपने येतात. टिनाच्या छपराच्या प्रार्थनाघरात मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवलेली रविवारची उपासना, होते. इतर रविवारी आम्हीच जमून जपमाळ म्हणतो. रिसोडच्या वाटेवर सिस्टरांचा एक छोटा दवाखाना आहे, तिथे मी स्वयंपाकाला जाते. त्यामुळे मुलगी लहानपणापासून सिस्टरांच्या अंगणात खेळलेली.

ती बारावीला होती तेव्हाची गोष्ट. वर्षातून एका रविवारी फादर पाचारणावर बोलतात. देव काही मुलामुलींना फादर किंवा सिस्टर व्हायला हाक मारतो, त्या हाकेला पाचारण म्हणतात. त्या दिवशी फादरांनी विचारलं की या नऊ घरांतून अजून कोणीच कसं गेलं नाही. कोणी रागावलं नाही, पण सगळ्यांनी माना खाली घातल्या. आपल्या पोराकडे बघून फादर बोलले तर काय, अशी प्रत्येकाला धास्ती. मीही खाली बघत होते. माझ्या शेजारी बसलेली मुलगी मात्र सरळ समोर बघत होती.

घरी आल्यावर भांडी घासताना ती म्हणाली, "माय, मी जाऊ काय?"

कुठे, हे मला विचारावं लागलं नाही. मी ताट धुतलं, तेच ताट परत धुतलं. आनंद झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्या आनंदाखाली एक भीती होती, आणि ती कोणालाच सांगता येत नव्हती.

मी दहा वर्षांची असताना माहेरच्या गावी एक म्हाताऱ्या सिस्टर यायच्या. निंबाखाली बसवून आम्हाला प्रार्थना शिकवायच्या. एकदा त्यांनी विचारलं, सिस्टर व्हायला कोणाला आवडेल. दोन पोरींनी हसत हसत हात वर केले. माझाही हात मांडीवरून उचलला गेला, पण छातीइतक्याच उंचीवर थांबला. मला वाटलं, सिस्टर एकेकीला विचारत माझ्यापर्यंत येतील. त्या आल्या नाहीत. उन्हं कलली, प्रार्थना झाली, सगळ्या घरी गेल्या. गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पुढच्या वर्षी मी शेतात निंदायला जाऊ लागले, आणि मग लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, त्याबद्दल माझी देवाकडे तक्रार नाही.

ही गोष्ट मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती. मुलगी सात-आठ वर्षांची होती, चुलीपुढे बसली होती, आणि मी भाकऱ्या थापता थापता बोलून गेले. तिने विचारलं होतं, "मग तू बोलली काहून नाही?" मी म्हटलं, लाज वाटली. ती बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली होती.

म्हणून आता ती "मी जाऊ काय" म्हणाली, तेव्हा माझ्या मनात आलं, माझा वर न गेलेला हात ही वर करते आहे की काय. ती एकुलती एक. माझ्यासाठी म्हणून ती जन्मभराची वाट धरत असेल, तर ते पाप माझं. आणि खरंच तिची हाक असेल आणि मी भीतीपोटी अडवली, तर तेही माझंच.

मी तिच्या बाबांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी बैलांना पाणी दाखवताना म्हणाले, एकच पोर हाय, पण तिचं तिले ठरवू दे. मग मी दवाखान्यात थोरल्या सिस्टरांना सांगितलं. थोरल्या सिस्टर वसईकडच्या, तीस वर्षांपासून विदर्भात. त्या म्हणाल्या, मुलींसाठी तीन दिवसांचं शिबिर असतं, तिथे येऊन फक्त पाहायचं. त्याआधी आमच्यापैकी कोणीतरी घरी येऊन आईवडिलांना भेटतं. पुढच्या गुरुवारी येते.

इथे माझी चूक झाली. खरं तर आम्हा सगळ्यांचीच. मुलगी घरातून जायची म्हणजे आधी पाहुणे तिला पाहायला येणार, एवढंच आम्हाला माहीत. आमच्यात आणि शेजारच्या हिंदू घरांत ही रीत एकच आहे. माझी नणंद दोन घरं सोडून राहते. तिने ऐकलं आणि कामाला लागली.

"वयनी, पाव्हणे येऊन राह्यले अन् तू अजून शेंगदाणे नाही भाजले?"

तिने पाटलांच्या घरून चार खुर्च्या आणवल्या. ओसरी सारवून घेतली. मुलीला माझ्या लग्नातली पोपटी साडी नेसवली, केसात अबोली माळली. मी पोहे केले, वरून शेव आणि कोथिंबीर. कोणाच्याच मनात आलं नाही की यात काही चुकतंय. मुलगी एकदा म्हणाली, "आत्या, सिस्टर हायेत त्या." नणंद म्हणाली, "मंग? पोरगी तं नेऊन राह्यल्या ना?"

थोरल्या सिस्टर एका तरुण सिस्टरला घेऊन आल्या. दोघींना खुर्च्यांवर बसवलं. नणंदेने आवाज दिला आणि मुलगी पोह्यांच्या बश्या तबकात घेऊन, डोक्यावर पदर, मान खाली घालून बाहेर आली. तरुण सिस्टरने पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं, तिला हसू आवरत नव्हतं. नणंदेने सुरुवात केली. पोरगी चाळीस माणसांच्या भाकरी एकटी थापते, आवाज गोड, डोळ्याला चष्मा नाही, दात आपले. मग म्हणाली, "जरा चालून दाखव वं."

आणि माझी मुलगी चालली. तबक हातात, ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत.

थोरल्या सिस्टर हसल्या नाहीत. त्या उठल्या, तिच्या हातातलं तबक घेऊन खाली ठेवलं, तिला दंडाला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर चटईवर बसल्या. पांढरी साडी, गुडघे दुखणारे, तरी बसल्या.

"आमच्याकडे हे उलटं असतं," त्या म्हणाल्या. "आता तू मला पाहा. काय विचारायचं ते विचार."

मुलीने डोक्यावरचा पदर मागे सारला. मला वाटलं, ती जेवणाखाण्याचं, शिक्षणाचं विचारेल.

ती म्हणाली, "तुमाले कधी वापस घरी जावंसं वाटलं काय?"

सिस्टरांनी सांगितलं, दोनदा. एकदा अगदी नवीन असताना, एकदा आई वारली तेव्हा. दुसऱ्या वेळी पिशवी भरून दारापर्यंत गेले होते. मुलीने विचारलं, मग का नाही गेल्या. सिस्टर म्हणाल्या, दाराला कुलूप नव्हतं ना, म्हणून. कुलूप असतं तर तोडून गेले असते.

मग त्यांनी मला विचारलं, ताई, तुम्हाला काय वाटतं. माझे कान गरम झाले. नणंद म्हणाली, तिले काय इचारता, ती तं तिच्या लग्नातही बोलली नाही. सगळे हसले, मीही हसले. पण सिस्टर चहाचे कप उचलण्याच्या निमित्ताने माझ्यामागे आत आल्या. चुलीकडे तोंड करून मी त्यांना निंबाखालची गोष्ट सांगितली. पाठ फिरवली होती म्हणूनच सांगू शकले. शेवटी म्हटलं, "सिस्टर, ती माह्यासाठी तं नाही ना जाऊन राह्यली?"

त्यांनी माझी समजूत काढली नाही. म्हणाल्या, ते मला माहीत नाही, तुम्हालाही कळणार नाही, कदाचित आज तिलाही माहीत नसेल. वर्षभर थांबू. शिबिराला येऊ दे, कॉलेजला जाऊ दे. हाक खरी असेल तर वर्षभराने विरत नाही. "तिला जा म्हणू नका, जाऊ नको म्हणू नका. गप्प राहणं तुम्हाला जमतंच. पण ताई, मधूनमधून विचारा. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं ना."

ते वर्ष मला फार मोठं गेलं. ती शिबिराला जाऊन आली, रिसोडच्या कॉलेजात जाऊ लागली. मंगळवारी दवाखान्यात बाळांची वजनं घ्यायला थांबायची. मी तिच्याकडे चोरून बघायची. जपमाळेला तिचा डोळा लागला की वाटायचं, ही काही सिस्टर होत नाही. नाताळला तिने लाल कुर्ता हट्टाने घेतला, तेव्हाही तसंच वाटलं. मग एखाद्या दिवशी ती तुरीच्या ओळीत एकटीच उभी दिसायची, हातात विळा, काम थांबलेलं, ओठ हलताहेत. तेव्हा वाटायचं, ही जाणार. विचारायचं मात्र जमत नव्हतं. गप्प राहिले, तेवढंच.

हरभरा निघाला आणि नणंदेने स्थळ आणलं. वाशीमचं ख्रिस्ती घर, मुलगा तिथल्या दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला. मिस्सेत गाणारा, साधा, घरी फक्त आई. नणंद म्हणाली, असं स्थळ नऊ घरांत कोणाले आलं नाही, मी रविवारी बोलावून राह्यली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भाचीवर तिचा जीव आहे. नेहमीसारखी मी मान हलवणार होते. पण माझ्या तोंडून निघालं, "थांबा, आधी तिले इचारते."

नणंद माझ्याकडे बघतच राहिली. वीस वर्षांत मी तिला थांबा म्हटलं नव्हतं.

मुलगी मागे कपडे वाळत घालत होती. मी बादली धरून उभी राहिले आणि विचारलं, "तुले काय पायजे?" एवढेच शब्द. पण बोलताना मला निंबाची सावली दिसली.

तिने ओलं धोतर पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. मग म्हणाली, त्याला येऊ दे. पण आधी कळव की मला सिस्टर व्हायचं मनात आहे, लपवून कोणाला बोलवायचं नाही. आम्ही तसं कळवलं. तरी ते आले. तो मुलगा आणि ती अंगणात बराच वेळ बोलत बसले. या वेळी चालून दाखव असं कोणी म्हणालं नाही. पोहे तेवढे होते. तो खरंच चांगला होता. जाताना त्याने माझ्या हातून बशी घेतली आणि स्वतः विसळून ठेवली. मला मनातून वाटलं, हा जावई झाला तर किती बरं.

ते गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मी तिच्याकडे न बघता विचारलं, काय ठरवलं.

"माय, पोरगा चांगला हाय. खराब असता तं नाही म्हणणं सोपं होतं." मग म्हणाली, "मी जाते."

तेव्हा मी ते विचारलं, जे वर्षभर तिला विचारलं नव्हतं. म्हटलं, तुले मी लहानपणी ती निंबाची गोष्ट सांगितली, म्हणून जाऊन राह्यली काय.

तिने नाही म्हटलं नाही. नाही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं, पण माझा विश्वास बसला नसता. ती म्हणाली, "तिथून सुरू झालं असंन. आता ते माह्यं हाय."

जून महिन्यात ती निघाली. रिसोडच्या स्टँडवर आम्ही तिघं आणि नणंद. नणंदेने ओटीचा नारळ आणि तांदूळ आणले होते. लेक निघताना ओटी भरल्याशिवाय कशी जाऊ देऊ, म्हणाली. मुलीने पदर नव्हता म्हणून ओढणी पसरली. नणंदेने ओटी भरली आणि लेकीला सांगतात ते सांगितलं, आता तेच तुझं घर, मागे वळून बघू नको. लग्नात मलाही हेच सांगितलं होतं. तेव्हापासून मी माहेरी गेले ती पाहुणी म्हणूनच.

बस लागली. तिचे बाबा ट्रंक चढवायला गेले. ती पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडे बघत होती. स्टँडवर गर्दी होती, ओळखीची माणसं होती, माझे कान गरम झाले होते. तरी मी पुढे गेले.

"नाही जमलं तं वापस ये," मी म्हटलं. "लाजू नको. दार उघडंच हाय."

नणंदेने कपाळाला हात लावला, निघताना असं अभद्र बोलतं का कोणी. मुलगी मात्र तोवर एकदाही रडली नव्हती, ती तेव्हा रडली. माझा हात तिने घट्ट धरला, कंडक्टरने घंटी वाजवेपर्यंत. मग सोडला आणि वर चढली.

पक्की सिस्टर व्हायला अजून तिची बरीच वर्षं जायची आहेत. व्रतं घेण्याआधी दरवर्षी तिला विचारतात, राहायचं का जायचं. पंधरा दिवसांनी तिचा फोन येतो. मीही विचारते. काय उत्तर येईल ते मला ठाऊक नसतं, आणि मी ते स्वतः देत नाही.

गेल्या पाचारणाच्या रविवारी फादरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि काहीच बोलले नाही, खाली बसले. जे बोलायचं होतं ते एवढंच होतं की पोरांच्या माना खाली गेल्या तरी एकेकाजवळ जाऊन विचारा. मिस्सा झाल्यावर बाहेर पडताना शेजारच्या घरातली दहावीची पोरगी चपला शोधत होती. मी तिच्याजवळ थांबले आणि तिला विचारलं, "तुले काय पायजे?"