फडक्यामागची गाडी

बन्सीलाल मिस्त्री गाडीला हात लावण्याआधी तिच्यापाशी उभा राही आणि ऐके. धरणगावात त्याच्या गॅरेजच्या भिंतीला लागून जिनिंग मिल होती. तीस वर्षं तिची घरघर कानात भरली होती, तरी त्या घरघरीतून त्याला इंजिनाची खोकल्यासारखी उबळ वेगळी ऐकू येई. साक्रीकडून तो अंगावरच्या कपड्यांनिशी आला होता. नाव कमावलं ते कानावर आणि आठवणीवर. कुठल्या गाडीत काय घातलं, काय काढलं, हे त्यानं कधी लिहून ठेवलं नाही. त्याचा त्याला ताठा होता.

झुलाल आबांनी गाडी आणली तेव्हा त्यांची बायको द्रौपदाबाई जाऊन सव्वा महिना झाला होता. गाडी जुनी, डिझेलची. आबा टायरवर बसले. दाढी वाढलेली.

"बन्सी, तूच सांग. गाडीनी चूक शे का मनी?"

सगळ्या गावाला माहीत होतं. द्रौपदाबाईच्या छातीत भरदुपारी कळ आली. आबांनी तिला मागच्या सीटवर निजवलं आणि जळगावची वाट धरली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मुलगा हितेंद्र मोटरसायकलवर मागून आला होता. त्यानं गाडी रखडताना पाहिली होती. तेराव्यानंतर तो पुण्याला गेला, तो बापाशी बोललेला नव्हता.

"पोऱ्या म्हणस, आबा घाबरना, गाडी दाबीच नही," आबा म्हणाले. "मी दाबी, बन्सी. पाय पार खाले टेकाडा. पन आते वाटस, खरंच दाबी का मी?"

बन्सीलालनं गाडी सुरू केली. जागेवर इंजिन शांत चालत होतं. त्यानं पॅडल दाबलं. आवाज वर चढता चढता गुदमरला आणि मागून काळा भपका सुटला. डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही. हे त्याला त्या क्षणीच कळलं. आणि आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस आठवला.

दसऱ्यानंतर कापूस आला की मिलमधून तंतू उडत. ते गाडीच्या हवेच्या फिल्टरमध्ये जाऊ नयेत म्हणून बन्सीलाल हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर पातळ फडकं बांधी. त्याची बायको झुंबरबाई त्यासाठी आपली जुनी लुगडी फाडून देई. आखाजीच्या आत फडकी काढायची, हा त्याचा शिरस्ता. यंदा आखाजीला गॅरेजातच पत्त्यांचा डाव बसला होता. आबा सकाळी गाडी लावून गेले. संध्याकाळी न्यायला आले तेव्हा बन्सीलालच्या हातात कधी नव्हे ती चांगली पानं होती.

"काढं ना फडकं?" आबांनी विचारलं होतं.

"पत्ता टाक रे, गाडी काय पळी जाई का?" डावातला लोटन ओरडला होता.

आणि बन्सीलालनं पानांवरची नजर न उचलता काढल्याचं सांगून टाकलं होतं, "हां, काढं."

आता त्यानं फडक्याकडे हात नेला नाही. आधी डिझेलचा फिल्टर खोलला. स्वच्छ होता. मग टर्बोच्या नळ्या चाचपल्या, क्लिपा आवळल्या. कुठंतरी दुसरं काही सापडावं म्हणून त्याचे हात शोधत राहिले. आबा बघत होते. शोधायला काही उरलं नाही, तेव्हा त्यानं हेडलाइटमागे, हवेच्या नळीच्या तोंडाशी हात घातला.

सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेलं ते फडकं बोटांना लागलं. हंगामाचे तंतू आणि उन्हाळ्याची धूळ बसून ते लोकरीच्या नमद्यासारखं घट्ट झालं होतं. एका कडेला झुंबरबाईच्या लुगड्याचा हिरवा काठ अजून ओळखू येत होता. गाडी गावातल्या गावात फिरे, दाबायची वेळच येत नसे. वेळ आली ती एकदाच.

खिशात घालता आलं असतं. आबांची नजर तेव्हा रस्त्याकडे होती.

बन्सीलालनं ते त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. "आबा, तुम्ही गाडी दाबेल व्हती."

आबा बराच वेळ त्या हिरव्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. बन्सीलाल शिवीची वाट बघत होता.

"बस गाडीत," ते म्हणाले.

हायवेला लागल्यावर आबांनी पाय दाबला. गाडी उसळली. साठ, सत्तर, ऐंशी. ट्रक मागे पडले. जळगावच्या वाटेवरची पाळधी बघता बघता आली. आबांनी गाडी कडेला घेतली.

"तवय बी इतलाच पाय दाबेल व्हता," ते म्हणाले. फोन लावून त्यांनी बन्सीलालच्या हातात दिला.

पलीकडे हितेंद्रनं उचलला.

"मी बन्सीलाल मिस्त्री," त्यानं सुरुवात केली. फडकं, आखाजी, पत्ते, ते 'हां, काढं', सगळं सांगितलं. मध्ये थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढं बोलता आलं नसतं.

पलीकडून आवाज आला. "आबांना द्या."

बन्सीलालनं फोन त्यांच्या हातात ठेवला, दार उघडलं आणि उतरला. धरणगावच्या दिशेनं तो उन्हात चालू लागला. मागं गाडी सुरूच होती. तिचा आवाज आता अगदी मोकळा येत होता, आणि कितीही पुढं गेला तरी तो त्याला ऐकू येत राहिला.