विद्यापीठाचा पहिला सांगाडा

विद्यापीठ सुरू झाले ते बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात. घोषणा झाली, कुलगुरू आले, बोधचिन्हही ठरले. इमारतीचे तेवढे राहून गेले. गणित विभाग वजनकाट्याच्या खोलीत बसला, भाषा गोदामात, आणि प्राणिशास्त्राच्या वाट्याला साबण शिजवायच्या मोठ्या कढयांची शेड आली. फरशी धुतली की अजून फेस येई. विद्यार्थी बाजारात गेले की दुकानदार वासावरून म्हणत, "विद्यापीठाचा दिसतोय."

त्या शेडमध्ये गावातलाच एक जण परिचर म्हणून लागला, तोही हंगामी. टेबले पुसायची, बेडूक आणायचे, आणि हाडे साफ करून तारेने जुळवायची. बेडूक, कबूतर, ससा असे करत त्याचा हात बसला आणि 'हाडक्या' हे नाव त्याला चिकटले. दर वर्षी त्याची नोकरी संपे आणि विभागप्रमुखांच्या मर्जीने पुन्हा सुरू होई. त्याला कायम व्हायचे होते. त्यापलीकडे जगाकडून त्याला काही नको होते, आणि ज्याला एकच गोष्ट हवी असते त्याच्याकडून काहीही करून घेता येते.

त्याचे वडील घोडागाडीवाले. विद्यापीठाचे पहिले बाक, पुस्तकांची पहिली खोकी, एवढेच काय, स्टेशनवरून खुद्द कुलगुरू त्यांच्याच गाडीतून आले होते. घोड्याचे नाव दिवाण. चालच तशी होती, कुणाचे काम कितीही अडलेले असो, हा आपल्या तोऱ्यात. पुढे विद्यापीठाने ट्रक घेतला, बस घेतली. गरज सरली, वैद्य मेला. म्हाताऱ्याने गाडी विकली, घोडा विकला नाही. घरामागच्या पत्र्याखाली दोघे एकमेकांकडे पाहत बसत.

मग पदव्युत्तर वर्गांचे वारे सुटले. परवानगी द्यायला समिती येणार होती आणि तिला संग्रहालयात एखाद्या मोठ्या सस्तन प्राण्याचा सांगाडा हवा होता. एक दिवस चहा पिता पिता विभागप्रमुखांनी विचारले,

"तुमच्या वडिलांचा घोडा आहे ना अजून?"

"आहे सर. धडधाकट आहे."

"धडधाकट!" त्यांनी खेदाने मान हलवली. "समिती तर आलीच म्हणायची. घोडामैदान जवळ आहे म्हणतात ते हेच." स्वतःच्या विनोदावर ते मनापासून हसले. "वर्ग सुरू झाला की एक पद कायम होणार. नाव मी सुचवायचंय. मी काही म्हणत नाही हं."

हाडक्याने घरी शब्द टाकला. "बाबा, किती जगणार आहे तो आता?"

"तुझी बायको माझ्याबद्दल हेच विचारत असेल."

"चेष्टा नका करू. पोटाचा प्रश्न आहे."

"याच पोटासाठी राबलाय तो जन्मभर. तू चार बुकं शिकलास ती कुणाच्या पायांवर? मेला की खुशाल घेऊन जा. पण त्याच्या मरणानं मरू दे त्याला."

दिवाणाचा मात्र समितीच्या आधी मरायचा विचार दिसत नव्हता.

म्हाताऱ्याचा एक डोळा कधीचाच गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. वर्षानुवर्षे टाळलेले ऑपरेशन मुलाने त्याच आठवड्यात करवून घेतले. शेजारपाजार म्हणाला, मुलगा असावा तर असा. म्हातारा डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्यात पडला असताना हाडक्याने घोडा सोडला. त्याला ओढावेही लागले नाही. वाट ओळखीची होती. खोकी उतरवायची त्या धक्क्याशी येऊन दिवाण सवयीने उभा राहिला आणि पाठीमागचे ओझे हलके व्हायची वाट पाहू लागला. विभागप्रमुखांच्या स्नेह्याने, जनावरांच्या डॉक्टराने, तिथेच सुई टोचली. कितीतरी वर्षांनी कढईखाली जाळ झाला. शिपाई म्हणाला, "चला, कारखाना सुरू झाला एकदाचा!" हाडक्याही हसला.

पट्टीसकट घरी आलेल्या म्हाताऱ्याने उंबऱ्यातच विचारले, "दिवाण?"

"मागे आहे. पाणी दाखवलंय त्याला."

तेव्हापासून बायकोच्या मागे नवे काम लागले. सकाळ-संध्याकाळ रिकाम्या पत्र्याखाली जाऊन बादली आपटायची, गवत टाकायचे, आणि "हो, हो, सरक तिकडं" असे मोठ्याने म्हणायचे. आधी ती तयार नव्हती. "आंधळ्याला असं फसवायचं? पाप आहे हे."

"कायम झालो की वाटून घेऊ. अर्धं तुझं, अर्धं माझं."

म्हातारा खाटेवर बसून आवाजाकडे कान लावी. एकदा म्हणाला, "सूनबाई, आज फुरफुरला नाही तो."

"रागावलाय तुमच्यावर," तिच्या तोंडून निघून गेले. "सोडून गेलात म्हणून."

"रागावणारच!" म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "मानी आहे. त्याला सांग, पट्टी निघाली की पहिला येईन तुझ्याकडं." तिने बाहेर जाऊन तेही सांगितले. मोठ्याने, त्याला ऐकू येईल असे. मग बराच वेळ ती आत आली नाही.

पट्टी निघाली. म्हातारा भिंत धरत मागे गेला. पत्र्याखाली न खाल्लेल्या गवताचा ढीग साठला होता. तो मुलाला काही बोलला नाही. सुनेला म्हणाला, "रोज कुणाला पाणी दाखवत होतीस, बाई?" तिने रडत सगळे सांगून टाकले. त्याने ऐकून घेतले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

समिती आली त्या दिवशी म्हातारा धुतलेला सदरा घालून विद्यापीठात गेला. पहारेकरी जुना ओळखीचा. त्याने आत सोडले. शेडमध्ये, लाकडी चौथऱ्यावर, पांढराशुभ्र दिवाण उभा होता. अध्यक्ष त्याच्याभोवती फिरत होते.

"अप्रतिम! कुणाचं काम?"

विभागप्रमुखांनी हाडक्याला पुढे ढकलले.

"जनावर कुठून मिळवलंत?"

उत्तर आधीच पढवलेले होते. "बेवारस होता सर. रस्त्यात मरून पडला होता." बोलता बोलता त्याची नजर दाराकडे गेली. विभागप्रमुखांचीही गेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारले.

म्हातारा चौथऱ्यापर्यंत चालत आला. उरलेल्या एका डोळ्याने त्याने घोडा खालपासून वरपर्यंत पाहिला.

"खरं आहे साहेब," तो म्हणाला. "बेवारसच होता. मी पाहिलाय पडलेला."

विभागप्रमुखांनी श्वास सोडला. अध्यक्षांना म्हातारा आवडला असावा. हाडक्याकडे बोट करून त्यांनी कौतुकाने विचारले, "यांना ओळखता वाटतं?"

"यांना नाही. यांचे वडील माझ्या ओळखीचे. वारले ते."

अध्यक्ष हाडक्याकडे वळले. "अरेरे. खरं का?"

हाडक्याने आधी विभागप्रमुखांकडे पाहिले. मग फरशीकडे.

"हो सर," तो म्हणाला. "आत्ताच, थोड्या दिवसांपूर्वी."

अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर थोपटले, आणि समिती भूगर्भशास्त्राकडे निघाली. म्हातारा भिंतीला टेकून उभा राहिला. एकेकाला वाट देत गेला. शेवटी खुर्च्या उचलून हाडक्या निघाला, तेव्हा त्यालाही त्याने तशीच वाट दिली आणि परक्या साहेबाला करावा तसा नमस्कार केला. हाडक्याचे दोन्ही हात भरलेले होते. वर्गाला परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी तो कायम झाला.