माठ वाजवून देणारा

आमच्या आठवडी बाजारात माठाला गिऱ्हाइकानं हात लावायचा नाही, हा एकाच माणसाचा कायदा होता. कुंभारकाकांचा. बोटाच्या सांध्यानं ते स्वतः माठ वाजवायचे, मान तिरकी करून ऐकायचे. खणखणीत वाजला की पुढे सरकवायचे, बद्द वाजला की तिथंच दगडावर आपटून फोडायचे. चाळीस वर्षं. कुणी स्वतः टकटक करायला गेलं तर अंगावर यायचे, "दार आहे का ते? ठेव खाली!" गाड्या घेऊन येणारे, मधाच्या बाटल्यांचे नि टोपल्यांचे फोटो काढत फिरणारे हौशी लोकही त्यांच्यापुढे नरम. म्हणूनच मला हा माणूस आवडायचा.

दोन वर्षांपूर्वी काकांचे कान गेले. बाजारात हे दोघांनाच ठाऊक. एक त्यांची बायको, काकू. त्या मागे पोत्यावर बसायच्या, तळहात काकांच्या पाठीवर. माठ चांगला असला तर एकदा दाबायच्या, तडकलेला असला तर दोनदा. दुसरा मी. विक्रेत्यांच्या संघटनेच्या कामासाठी दर बाजारी शेजारीच बसायचो, म्हणून दिसलं. काकूंनी डोळे वटारले होते, "भाऊ, कुठं बोललास तर बघ." नाही बोललो.

मागच्या महिन्यात काकू गेल्या. तीन बाजार काका आले नाहीत. चौथ्याला आले. मागे पोतं तसंच अंथरलेलं.

"घरी आराम करायचा ना, काका!" मी ओरडलो.

त्यांनी माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं. "घरी कोण आहे?"

नेहमीची शिवणकामवाली आली. काकांनी माठ उचलला, वाजवला. बद्द. मेलेला आवाज. काका जरासे मागे रेलले, थांबले. मग माठ पुढे सरकवला. "ने पोरी. तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल."

साहेबांच्या टेबलावर मूठ आपटणारा मी, तेव्हा मात्र मूग गिळून बसलो.

अर्ध्या तासात ती परत. बाजारातल्याच नळावर माठ भरून पाहिला होता, कपडे कंबरेपासून ओले. "काका, हा गळतोय हो. तुमच्याकडचा?" चिडली असती तर परवडलं असतं.

"म्हातारा झाला आता!" भाजीवाला हसला.

"तू तुझी किडकी वांगी झाक," मी खेकसलो.

काकांनी तिचे कपडे पाहिले. माठ घेतला, कानाला टेकवून वाजवला. पुन्हा वाजवला. मग मागे वळून पोत्याकडे बघत राहिले.

दगडाकडे हात गेलाच नाही. सगळे माठ त्यांनी तिच्यापुढे सरकवले. "तूच वाजव. तुझ्या कानाला पटेल तो ने."

ती बिचारी चाचरत वाजवू लागली. मग दुसरी आली, तिसरी आली. बाजार उठेपर्यंत टकटक चालू होती आणि काका मांडीवर हात ठेवून दुसऱ्यांची बोटं बघत होते.

मला राहवलं नाही. उठून त्यांच्या मागे पोत्यावर बसायला गेलो.

"तिथं नको," काका म्हणाले.