रोबॉटला हळदकुंकू

माझी मुलगी रोबॉटिक्समध्ये आहे, असं मी टेक्ससमधल्या आमच्या शुगर लँड गावात झाडून सगळ्या मराठी घरांत सांगून ठेवलं होतं. ती रोबॉटिक्समध्ये नव्हती.

मुक्ता एका हॉबी शॉपमध्ये कामाला आहे. म्हणजे आगगाड्यांची, विमानांची मॉडेलं, त्यांचे रंग, ब्रश, गोंद असलं सगळं मिळतं ते दुकान. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडून ती तिथे लागली आणि तिथे इतकी आनंदात राहू लागली, की मला धास्ती वाटायला लागली. (आनंदात असलेल्या मुलांची काळजी करणं हा आमच्या पिढीचा जोडधंदा आहे.) फावल्या वेळात ती स्वतः मॉडेलं बांधते, तीही एकाच जपानी मालिकेतली. दूरच्या भविष्यातलं एक न संपणारं युद्ध, डोंगराएवढी लढाऊ यंत्रं आणि त्यांच्या छातीत बसून ती चालवणारे सैनिक. एवढंच मला माहीत होतं, आणि तेही खोक्यावरच्या चित्रावरून. या यंत्रांना रंग द्यायला गराज लागतो, म्हणून माझी गाडी टेक्ससच्या उन्हात बाहेर उभी असायची आणि ऑगस्टमध्ये सीटवर बसताना माझ्या तोंडून जे शब्द निघायचे ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

खोटं सुरू झालं मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत. लिमयेकाकूंनी विचारलं, मुक्ता हल्ली काय करते? लिमयेकाकू म्हणजे आमच्याकडच्या सगळ्या मराठी लोकांच्या वडीलधाऱ्या. माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंचा मुलगा मेंदूचा सर्जन, मागे उभ्या असलेल्यांची मुलगी मोठी वकील. मधे मी, हातात द्रोण घेऊन. तोंडातून निघून गेलं, "रोबॉटिक्समध्ये आहे." तसं बघायला गेलं तर हे संपूर्ण खोटं नव्हतं. तिच्या खोलीत रोबॉट होतेच. ते प्लास्टिकचे आहेत, एवढंच मी गाळलं.

माझी बायको सुजाता शेजारीच उभी होती. गाडीत सीटबेल्ट लावता लावता म्हणाली, "पुढच्या वर्षी तिला चंद्रावर पाठवा."

मी एसी वाढवला.

खोट्याचं एक बरं असतं, त्याला खतपाणी घालावं लागत नाही. संक्रांतीला तिळगुळाबरोबर मुक्ताला एक लॅब मिळाली. पाडव्यापर्यंत तिच्या हाताखाली दोन माणसं आली. दर वेळी मी घरी येऊन स्वतःला बजावायचो की आता बास, आणि दर वेळी कुणीतरी पुन्हा विचारायचं. मुक्ता या कार्यक्रमांना येत नसे, त्यामुळे तिची कारकीर्द माझ्या हातात बिनधोक वाढत होती.

मग नवरात्रात काकूंचा फोन आला. त्यांचा भाचा अमेय, मूळचा पुण्याचा, इथे व्हिसावर आहे. समुद्राच्या तळाशी जाऊन पाइपलाइन तपासणारी यंत्रं बनवतो. "दोघं एकाच फील्डमधली आहेत रे विनायक. नुसती ओळख होऊ दे. पुढचं त्यांचं ते बघतील." खंडेनवमीला त्याला घेऊन जेवायला येते, म्हणाल्या. (अमेरिकेत आमचे सगळे सण शनिवारी येतात. खंडेनवमीही त्या वर्षी सोयीस्करपणे शनिवारीच आली होती.)

फोनवर खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "या ना काकू. श्रीखंड करू."

शनिवारी मुक्ताची दुपारपर्यंत शिफ्ट होती. पाहुणे येणार आहेत, एवढंच मी तिला सांगितलं होतं. कोण, कशासाठी आणि तिच्या नावावर कोणती लॅब आहे, हे सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं. तिच्या टेबलावर तिचं नवं यंत्र तयार उभं होतं. गुडघ्याएवढं उंच, पांढरंशुभ्र, निळ्या खांद्यांचं. अख्खा उन्हाळा ती त्याच्यामागे होती, कारण दुसऱ्या दिवशी रविवारी ह्यूस्टनला मॉडेलांची स्पर्धा होती.

आता माझी अक्कल बघा. मी विचार केला, खंडेनवमीला शस्त्रांची, हत्यारांची, यंत्रांची पूजा करायची असते. आमच्याकडे पाटावर ड्रिल मशीन असतं, लॅपटॉप असतात, सुजाताचं शिलाई मशीन असतं, गाडीची किल्ली असते. त्यात हे ठेवलं तर काय बिघडलं? काकूंना पुरावाही दिसेल. सुजातानं पुऱ्या लाटता लाटता एकदा सांगितलं, "तिला विचारल्याशिवाय हात लावू नका." ती पुऱ्या तळायला वळली आणि मी लावला.

पाटावर ड्रिलच्या शेजारी ते यंत्र खरोखर देखणं दिसत होतं. मी परसातल्या झेंडूची माळ त्याच्या गळ्यात घातली. तेवढ्यात बेल वाजली.

काकू आल्या आणि यंत्रासमोर हात जोडून उभ्याच राहिल्या. "हाच का तो? चालवून दाखव की."

"चार्जिंग संपलंय काकू."

अमेय वाकून यंत्राच्या पाठीमागे बघत होता. "काका, पोर्ट कुठेय?"

"वायरलेस आहे," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे मुक्तानं पेंट केलंय? काका, कसलं भारी काम आहे हे." मला वाटलं पोरगा टर उडवतोय. तो अगदी मनापासून बोलत होता, हे कळायला मला वेळ लागला.

पूजा झाली. मी पाण्यात कालवलेली हळद बोटावर घेऊन यंत्राच्या कपाळाला लावली आणि वर कुंकू टेकवलं. काकूंना एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी दोन्ही खांद्यांना लावलं, हातातल्या ढालीला लावलं. "पायांना लावायला हवं. चालायचंय त्याला," म्हणत पायांना लावलं. अक्षता मानेच्या सांध्यात शिरल्या. "खंडोबासारखा दिसतोय हो," त्या कौतुकानं म्हणाल्या.

पांढऱ्या यंत्रावर पिवळे ठसे उमटले होते. ज्यानं कुणी पांढऱ्या शर्टवर वरण सांडलंय, त्याला हळद म्हणजे काय ते ठाऊक असतं.

मंडळी जेवायला बसली. मी "आलोच" म्हणून यंत्राकडे गेलो. मुक्ता यायला फारसा वेळ उरला नव्हता. ओल्या पेपर टॉवेलनं पुसलं, तर कपाळावरची हळद सगळ्या चेहऱ्यावर पसरली. यंत्राला कावीळ झाली. मी सुजाताच्या कपाटातून नेलपॉलिश काढायचं लिक्विड आणलं.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. मी केमिकल इंजिनिअर आहे. आयुष्य पेट्रोकेमिकल्समध्ये गेलं. त्यातल्या ॲसिटोननं हे प्लास्टिक विरघळतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण घाबरलेल्या बापाला रसायनशास्त्र आठवत नाही.

पहिल्या हाताला हळद गेली. दुसऱ्या हाताला डोळे गेले. तिसरा हात मी फिरवायला नको होता.

उरलं ते गरम तव्यावर विसरलेल्या चीज स्लाइससारखं दिसत होतं. मी यंत्र उचललं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि येऊन श्रीखंडापुढे बसलो.

काकूंच्या नजरेतून काही सुटत नाही. "तो तिकडे तोंड करून का उभाय रे?"

"असं ठेवलं की तो थंड राहतो."

अमेयला ठसका लागला. सुजातानं त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मीही पाणी प्यायलो.

मुक्ता आली ती दुकानाच्या एप्रनमध्येच, बोटांना निळा रंग. काकूंचा चेहरा फुलला. "हा लॅबचा एप्रन का गं?"

मुक्तानं काकूंकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी श्रीखंडात चमचा फिरवत होतो. तिला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. हुशार आहे ती, आईवर गेलीये.

मुक्ता आमच्याशी जास्त करून इंग्लिशच बोलते. निव्वळ मराठी ठेवणीतली, आजीच्या फोनपुरती. त्या दिवशी ती सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाली, "हो काकू. लॅबचाच आहे."

मला वाटलं होतं ती चिडेल. ओरडेल. त्याची माझी तयारी होती. ती माझ्यासाठी खोटं बोलेल, याची नव्हती.

"कशावर काम करतेस?" काकूंनी विचारलं.

"मोठं मशीन आहे. आत माणूस बसतो," मुक्ता म्हणाली आणि दाखवायला म्हणून तिनं भिंतीकडचं यंत्र फिरवलं.

तळणीतल्या पुरीसारखे माझे कान तापले होते. मुक्ता त्या वितळलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काकू चष्मा वर करून म्हणाल्या, "नवीन डिझाइन आहे का?"

"नाही काकू." तिचा आवाज जरासा हलला. "टेस्टिंग चालू आहे."

तिला मी लहानपणापासून सांगत आलोय, खोटं बोलू नये. तिला खोटं बोलता येतच नाही, हे त्या तीन शब्दांत दिसलं. मी चमचा खाली ठेवला.

"काकू, लॅब नाहीये," मी म्हणालो. "ती हॉबी शॉपमध्ये काम करते. हा रोबॉट नाहीये, मॉडेल आहे. तिनं बांधलं, मी बिघडवलं. रोबॉटिक्सचं सगळं मी रचलेलं होतं. तिला काहीच माहीत नव्हतं."

काकूंनी पुरीचा तुकडा ताटात ठेवला. "म्हणजे ते वायरलेस चार्जिंग?"

"खोटं."

"तिकडे तोंड करून थंड राहतो म्हणालास ते?"

"तेही."

"आणि हाताखालची दोन माणसं?"

"नाहीत काकू."

"व्हॉट टू पीपल?" मुक्ता म्हणाली.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण शुगर लँडची जमीन चिकणमातीची आहे, ती कुणाला पटकन पोटात घेत नाही.

काकूंनी बोटं पुसली. "मला शंका होतीच," त्या म्हणाल्या. "ज्यांची मुलं खरंच लॅबमध्ये असतात ना, त्यांच्या आईबापांना लॅबचं नाव तोंडपाठ असतं. न विचारता सांगतात. तुला एकदाही सांगता आलं नाही. अरे, पोरगी दुकानात काम करते म्हणाला असतास, तर आम्ही काय तुला खाल्लं असतं?" आणि सुजाताकडे ताट सरकवून म्हणाल्या, "मला अजून दोन पुऱ्या वाढ."

मुक्ता यंत्र उचलून वर निघाली. अमेय घाईनं हात धुऊन आला. "मुक्ता, आतला पायलट बघायला हवा. हॅच उघडतं ना याचं?" तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं आणि तिथेच पायरीवर यंत्राची छाती उघडली. आत अंगठ्याच्या पेराएवढा सैनिक बसलेला होता, अगदी सुखरूप. हेल्मेटच्या आत त्याला इवलासा चेहराही होता, घाबरलेला, कुण्या पोराचा असावा असा. अख्खा उन्हाळा ते यंत्र माझ्या घरात उभं होतं, आणि त्याची छाती उघडते हे मला समुद्रातल्या पाइपलाइनवाल्यानं सांगावं लागलं. ती दोघं नंतर पायरीवर बसून पुष्कळ वेळ बोलत होती. लग्नाबिग्नाचं नाही, मालिकेचं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

रविवारी ती स्पर्धेला गेली नाही. मी स्वयंपाकघरात तिच्यासमोर उभा राहून माफी मागितली. म्हणालो, दुरुस्त करतो.

"प्लीज, बाबा. डोंट टच एनीथिंग." मग कॉफी ढवळत म्हणाली, "चेहऱ्याचं वाईट वाटलंच. ऑफ कोर्स वाटलं. पण यू कुड हॅव जस्ट सेड हॉबी शॉप. इट्स टू वर्ड्स."



चौदा वर्षांची असल्यापासून ती मला ही मालिका बरोबर बघायला बोलवत आली होती. आधी तिची परीक्षा होती, मग माझं प्रोजेक्ट होतं, मग तिनं बोलवणं सोडून दिलं. पुढच्या रविवारी दुपारी मी तिच्या दारावर टकटक केली आणि म्हणालो, मला बघायचीय. पहिल्यापासून.

"व्हाय?" तिनं संशयानं विचारलं. साहजिकच होतं.

"बघायचीय," मी म्हणालो. याहून जास्त मला बोलता येत नाही.

ती खाली आली, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली, तिनं टीव्ही लावला. मी पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, डोळ्यात तेल घालून बघायला लागलो. पडद्यावर पहाट होत होती. एक थकलेला माणूस झोपलेल्या लहान मुलीला कडेवर घेऊन जिना चढत होता. तिची मान त्याच्या खांद्यावर होती. त्यानं तिला अलगद पलंगावर ठेवलं, पांघरूण घातलं आणि दाराशी थांबून एकदा मागे वळून बघितलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हा बाप आता युद्धावर जाणार, परत येणार नाही, हे मला स्वच्छ कळलं. किती खोल मालिका, आणि मी इतकी वर्षं तिला कार्टून म्हणत होतो!

"मुक्ता," मी चष्मा पुसत विचारलं, "हाच ना तो सैनिक?"

मुक्तानं रिमोट खाली ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "ही गादीची जाहिरात आहे. इट हॅजन्ट स्टार्टेड येट."